एक वही, दोन लेखण्या

जयपूरच्या जंतरमंतरात सम्राट यंत्रापाशी उभे राहिले असता काळ चालताना डोळ्यांना दिसतो. सुमारे २७ मीटर उंचीच्या त्या त्रिकोणी भिंतीची सावली शेजारच्या वक्र पट्टीवरून सेकंदाला जवळजवळ एक मिलिमीटर या गतीने सरकत असते, आणि तिच्यावरून दोन सेकंदांपर्यंत सूक्ष्म वेळ वाचता यावी अशी तिची आखणी आहे. सवाई जयसिंगाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ही वेधशाळा उभारली. त्याच्या ज्योतिषकार्यातील प्रमुख पंडित जगन्नाथ सम्राट हे मूळचे महाराष्ट्रातले. टॉलेमीचा ग्रंथ अरबीवरून संस्कृतात आणण्याचे मोठे काम त्यांनीच केले. दगडचुन्याच्या बांधकामातून दोन सेकंदांची अचूकता मिळवणे ही त्या काळची असामान्य कामगिरी होय.

आज त्याच शहरातील एखाद्या शाळेच्या टेबलावरचा साधा संगणक या दोन सेकंदांत काय करतो? त्याच्या प्रक्रियकाचे घड्याळ सेकंदाला तीनशे कोटी ठोके देत असेल, तर दोन सेकंदांत सहाशे कोटी ठोके पडतात. सम्राट यंत्राच्या एका खुणेच्या पोटात एवढा काळ मावतो. या काळात यंत्राच्या आत एकाच नोंदीकडे दोघे धावले, तर पुढे कोण पोहोचेल हे सांगता येत नाही. त्या धावपळीतून उद्भवणाऱ्या दोषाला संगणकशास्त्रात शर्यतीचा दोष, म्हणजेच रेस कंडिशन, असे नाव आहे. हा दोष सूक्ष्म असला तरी क्षुल्लक नाही. तो क्वचित घडतो म्हणून त्याकडे दुर्लक्ष करावे, ही समजूत मात्र पुष्कळ रूढ आहे आणि ती घातक आहे.

सम्राट यंत्राविषयी एक गोष्ट येथे ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्याच्यावरची सावली एकाच वेळी शंभर माणसांनी वाचली तरी कोणाचे वाचन बिघडत नाही, कारण वाचणारा सावलीत काही बदल करत नाही. तंटा उत्पन्न होतो तो वाचण्यामुळे नव्हे. कोणी वाचत असताना दुसरा कोणी लिहू लागला, किंवा दोघे एकदम लिहू लागले, म्हणजे तो उत्पन्न होतो. पुढील सर्व विवेचनाचे सूत्र हेच आहे.

गाभा आणि त्याच्या नोंदी

संगणकाच्या कार्यप्रणालीत एक मध्यवर्ती भाग असतो. तंत्रज्ञ त्याला कर्नेल म्हणतात. मराठीत त्याला गाभा म्हणण्यास हरकत नाही. स्मृतीची वाटणी करणे, प्रक्रियकाचा वेळ कोणाला किती द्यावा हे ठरवणे, फायली, जाळे आणि उपकरणे यांचे व्यवहार पाहणे, ही सर्व कामे हा गाभा करतो. संगणकावर चालू असलेल्या प्रत्येक आज्ञावलीस प्रक्रिया म्हणतात. सामान्य संगणकावर एकाच वेळी अशा शेकडो प्रक्रिया चालू असतात.

खेड्यातील जमिनीला जसा सातबारा असतो, तशी गाभ्यात प्रत्येक प्रक्रियेची एक नोंद असते. तिचा क्रमांक कोणता, ती कोणाच्या मालकीची, तिला कोणते अधिकार आहेत, तिने कोणत्या फायली उघडल्या आहेत, तिची जननी प्रक्रिया कोणती, ती चालू आहे की थांबली आहे की संपली आहे, हे सर्व त्या नोंदीत लिहिलेले असते. या नोंदी एकमेकींशी साखळीने जोडलेल्या असतात.

अडचण अशी की, या सातबाऱ्याला एकच तलाठी नसतो. आजच्या संगणकात चार, आठ किंवा त्याहूनही अधिक प्रक्रियक एकदम काम करतात, आणि ते सर्व एकाच गाभ्याच्या त्याच नोंदी वाचतात व बदलतात. शिवाय प्रक्रियक एकच असला तरी धोका टळत नाही. कळफलकाची कळ दाबली गेली, किंवा जाळ्यावरून संदेश आला, की हातातले काम अर्धवट टाकून प्रक्रियकाला त्या हाकेकडे वळावे लागते. अर्धी ओळ लिहून झाली असताना उठून गेलेल्या कारकुनाच्या वहीत दुसऱ्याने लिहावे, तसा हा प्रकार होतो.

दोष कसा घडतो

उदाहरणाने हे स्पष्ट होईल. एखाद्या प्रक्रियेची नोंद सध्या किती ठिकाणी वापरात आहे, याचा एक आकडा त्या नोंदीतच ठेवलेला असतो. जो कोणी ती नोंद वापरू लागतो तो आकडा एकाने वाढवतो; वापर संपला की एकाने कमी करतो. आकडा शून्यावर आला म्हणजे नोंदीची कोणालाच गरज उरली नाही असे मानून गाभा ती नष्ट करतो आणि तिची जागा दुसऱ्या कामाला देतो.

समजा, आकडा दोन आहे. आता पहिला प्रक्रियक आणि दुसरा प्रक्रियक यांना ती नोंद एकाच क्षणी हवी आहे. आकडा वाढवणे ही आपल्याला एक क्रिया वाटते. पण यंत्रात साधारणतः तिचे तीन टप्पे पडतात: आकडा वाचणे, त्यात एक मिळवणे, आणि उत्तर परत लिहिणे. पहिल्याने दोन वाचले. त्याने उत्तर लिहिण्यापूर्वीच दुसऱ्यानेही दोन वाचले. पहिल्याने तीन लिहिले. दुसऱ्यानेही तीनच लिहिले. वस्तुतः वापरणारे आता चार आहेत. नोंदीत मात्र तीन आहेत. दोघांपैकी कोणाचेही गणित चुकलेले नाही, तरी हिशेब चुकला.

या चुकीचे फळ लगेच दिसत नाही. चारांपैकी तिघांचे काम संपून त्यांनी आपापला एक वजा केला, की आकडा शून्यावर येतो. गाभा नोंद नष्ट करतो, आणि चौथा वापरणारा मात्र अजून तिच्यावर विसंबून असतो. पाडून टाकलेल्या घराची किल्ली हातात घेऊन परतणाऱ्या माणसासारखी त्याची स्थिती होते. त्या जागेवर तोवर दुसरे घर उभे राहिलेले असले आणि किल्ली योगायोगाने लागलीच, तर तो परक्याच्या घरात शिरतो. तेथे तो जे वाचील ते दुसऱ्याचे गुपित असू शकते, आणि जे लिहील त्याने दुसऱ्याचे काम बिघडू शकते.

दोषाचा दुसरा प्रकार याहून साधा दिसतो. त्यात पाहणे आणि करणे यांमध्ये फट पडते. एखाद्या आज्ञावलीने पाहिले की अमुक क्रमांकाची प्रक्रिया चालू आहे. मग तिने त्या क्रमांकाला थांबण्याचा संकेत पाठवला. या दोहोंच्या मधल्या क्षणात ती प्रक्रिया संपली आणि तोच क्रमांक नव्या प्रक्रियेला मिळाला, तर शिक्षा निरपराध्याला होते. लिनक्स या प्रणालीत प्रक्रियांच्या क्रमांकांची रूढ मर्यादा दीर्घकाळ ३२,७६८ होती. तेथवर पोहोचल्यावर जुने क्रमांक पुन्हा वापरात येतात. यावर उपाय म्हणून क्रमांकाऐवजी विशिष्ट प्रक्रियेलाच बांधलेले एक खात्रीचे साधन तीत आले, ते २०१९ साली. एवढ्या प्रौढ प्रणालीलाही ही फट बुजवायला किती काळ लागला, हे यावरून दिसते.

रेल्वेने शिकवलेला धडा

या प्रश्नाचे स्वरूप संगणकाहून जुने आहे. जयपूरला आगगाडी आली ती मीटरमापी रुळांवरून, आणि राजस्थानात काय किंवा महाराष्ट्रात काय, एकेरी मार्गावर दोन्ही बाजूंनी गाड्या सोडण्याची अडचण रेल्वेला आरंभापासूनच होती. दोन स्थानकांमध्ये रूळ एकच. दोन्ही स्टेशनमास्तरांनी एकाच वेळी गाडी सोडली तर टक्कर अटळ. केवळ बाहेर पाहून मार्ग मोकळा आहे असे ठरवणे पुरत नाही, कारण पलीकडचा मास्तरही त्याच क्षणी तेच पाहत असतो.

यावर आपल्या रेल्वेत टोकनची पद्धत आली. दोन शेजारच्या स्थानकांत दोन यंत्रे असतात आणि ती विजेच्या तारेने जोडलेली असतात. यंत्रातून एक लोखंडी गोळा बाहेर काढता येतो. पण तो बाहेर पडला की दोन्हीपैकी कोणत्याही यंत्रातून दुसरा गोळा निघत नाही. कड्याला अडकवलेल्या पिशवीतला तो गोळा चालकाच्या हाती आल्याशिवाय त्याला गाडी पुढे नेण्याचा अधिकार नसतो. पुढच्या स्थानकावर गोळा यंत्रात परत पडला म्हणजे मार्ग दुसऱ्या गाडीला मोकळा होतो. आता पुष्कळ मार्गांवर ही जुनी यंत्रे जाऊन नवी आली आहेत, परंतु त्यांमागचा नियम बदललेला नाही: एका खंडात एका वेळी एकच गाडी.

संगणकशास्त्राने हा नियम जसाच्या तसा उचलला. डच गणिती एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६५ साली परस्परवर्जनाच्या प्रश्नाची मांडणी व त्याचे उत्तर प्रसिद्ध केले. सामाईक वस्तूला हात लावणारा जो नाजूक भाग, त्यात एका वेळी एकाच प्रक्रियेने असावे, आणि तरीही कोणाची कायमची कोंडी होऊ नये, हा तो प्रश्न. त्याच दशकात त्यांनी यासाठी जे साधन सुचवले त्याला रेल्वेच्या हातवाल्या सिग्नलवरून सेमाफोर हेच नाव मिळाले. हात पडलेला असेल तर पुढे जावे, आडवा असेल तर थांबावे, हे आपल्याकडच्या जुन्या प्रवाशाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नव्हती.

कुलूप कशाला असते?

गाभ्यात या कामासाठी निरनिराळी कुलपे वापरतात. काम क्षणभराचे असेल तर वाट पाहणारा प्रक्रियक दाराशीच उभा राहून कुलूप उघडले का हे सारखे तपासत राहतो. काम लांबणारे असेल तर वाट पाहणारी प्रक्रिया झोपी जाते आणि कुलूप मोकळे झाल्यावर तिला उठवतात. पहिल्या प्रकारचे कुलूप हाती असताना झोपणे वर्ज्य असते. कारण झोपणाऱ्याच्या खिशात किल्ली राहिली तर दाराशी उभे असलेले सर्व तिष्ठत राहतात. एक मिळवणे यासारख्या अगदी लहान कामासाठी तर यंत्रातच अविभाज्य क्रियेची सोय असते. तिचे टप्पे पाडता येत नाहीत. ती एक तर पूर्ण होते, नाही तर झालेलीच नसते.

येथवर सर्व सोपे वाटते. परंतु एक मर्माची गोष्ट पुष्कळांच्या नजरेतून सुटते. घराचे कुलूप दाराला असते. किल्ली नसेल तर माणूस आत जाऊच शकत नाही. गाभ्यातील कुलूप तसे नाही. ते नोंदीला बसवलेले नसून नोंद वापरणाऱ्यांनी आपसांत केलेल्या करारात असते. अमुक नोंदीला हात लावण्यापूर्वी अमुक कुलूप घ्यावयाचे, असा संकेत ठरलेला असतो, एवढेच. संकेत न पाळता कोणी सरळ नोंद बदलली तर यंत्र त्याला अडवत नाही. नव्व्याण्णव ठिकाणी कुलूप घेतले आणि शंभराव्या ठिकाणी घेतले नाही, तर त्या नव्व्याण्णवांची शिस्त व्यर्थ जाते. गोळा न घेता एकाच चालकाने गाडी पुढे नेली, तर इतर सर्व चालकांच्या प्रामाणिकपणाचा काय उपयोग?

यास्तव कुलूप हे आज्ञावलीच्या ओळींचे नसून माहितीचे असते, हे तत्त्व प्रथम मनावर बिंबले पाहिजे. प्रत्येक सामाईक नोंदीशेजारी तिचे रक्षण कोणते कुलूप करते हे स्वच्छ लिहिलेले असावे. ज्या नोंदीविषयी असे एका वाक्यात सांगता येत नाही, ती नोंद सुरक्षित नाही असेच समजावे.

कुलपे वाढली म्हणजे दुसरे संकट येते. एकाने पहिले कुलूप घेऊन दुसऱ्याची वाट पाहावी, आणि दुसऱ्याने दुसरे घेऊन पहिल्याची वाट पाहावी, अशी कोंडी झाली की दोघेही जन्मभर उभे राहतात. अरुंद गल्लीत समोरासमोर आलेल्या दोन बैलगाड्यांपैकी कोणीच मागे हटू नये, तशी ही गत. उपाय एकच: एकाहून अधिक कुलपे घ्यावयाची असतील तर ती सर्वांनी ठरलेल्या एकाच क्रमाने घ्यावी. हाही पुन्हा शिस्तीचाच भाग आहे.

वेग हवा की खात्री?

कुलपांमुळे यंत्र मंदावते, सबब ती होता होईल तो टाळावी, असे म्हणणारा एक पक्ष आहे. त्याच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. लिनक्समध्ये अनेक प्रक्रियकांची सोय १९९६ साली आली, तेव्हा जवळजवळ सर्व गाभ्याला मिळून एकच मोठे कुलूप घालण्यात आले होते. ते सुरक्षित होते, पण आठ प्रक्रियकांपैकी एक गाभ्यात शिरला की उरलेल्यांना बाहेर थांबावे लागे. हे कुलूप टप्प्याटप्प्याने फोडून त्याच्या जागी लहान लहान कुलपे बसवण्याचे काम २०११ साली पूर्ण झाले. पंधरा वर्षे हे काम चालले, ही गोष्टच बोलकी आहे. घाईने कुलूप काढणे सोपे असते. त्याच्या आड कोणकोणत्या नोंदी विसंबून होत्या हे शोधणे कठीण असते.

वेग आणि खात्री यांचा मेळ बसतच नाही, असेही नाही. प्रक्रियांची यादी वाचणारे पुष्कळ असतात, तिच्यात बदल करणारे थोडे. हे ओळखून २००२ पासून लिनक्समध्ये एक निराळी रीत आली. तीत वाचणाऱ्याला कुलूप घ्यावे लागत नाही. बदलणारा जुन्या नोंदीला धक्का न लावता नवी प्रत तयार करतो, एका अविभाज्य क्रियेने सर्वांना नव्या प्रतीकडे वळवतो, आणि जुनी प्रत मात्र तिचा शेवटचा वाचक बाहेर पडेपर्यंत नष्ट करत नाही. येथे जंतरमंतरातील सावलीची आठवण व्हावी. वाचणाऱ्यांची गर्दी धोक्याची नसते. लिहिणाऱ्याने सबुरी ठेवली की पुरते. ही युक्ती कुलूप टाळते, नियम टाळत नाही. उलट जुनी नोंद केव्हा टाकावी याविषयीचा तिचा नियम कुलपाहूनही कडक आहे.

पुण्याचे उदाहरण आणखी वेगळा मार्ग दाखवते. प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली परम ८००० हा महासंगणक तयार केला. त्यात ट्रान्सप्यूटर जातीचे ६४ प्रक्रियक होते. त्या प्रत्येकाला आपली स्वतंत्र स्मृती होती. एकाची माहिती दुसऱ्याला हवी असेल तर ती संदेशाने मागवावी लागे. सामाईक वहीच नसेल तर वहीवरून भांडण कसे होणार? जे वाटून घेण्याची गरज नाही ते वाटून घेऊ नये, हा त्यातला शहाणपणा आजही उपयोगी आहे. तथापि एका यंत्राच्या गाभ्यात सर्व काही असे वेगळे ठेवता येत नाही. प्रक्रियांची यादी ही अखेर एकच असावी लागते, आणि तिच्यासाठी शिस्तीला पर्याय नाही.

क्वचित घडते, म्हणून?

दुसरा पक्ष म्हणतो की, असे योगायोग लाखात एखादा. त्यांच्यासाठी एवढा खटाटोप कशाला? या म्हणण्यात गणिताची चूक आहे. एखादी चूक एक कोटी वेळांत एकदा होते असे धरू. गाभा ते काम सेकंदाला दहा हजार वेळा करत असेल, तर एक कोटीची मजल एक हजार सेकंदांत, म्हणजे सतरा मिनिटांच्या आत गाठली जाते. माणसाच्या हिशेबी जे दुर्मिळ, ते यंत्राच्या हिशेबी दैनंदिन ठरते.

आणि चूक खरोखरच दुर्मिळ असली तर ती अधिक भयंकर असते, कारण चाचणीत ती सापडत नाही. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेच्या ईशान्य भागात व कॅनडाच्या ओंटॅरिओ प्रांतात सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली. त्या दिवशी ओहायोतील एका वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षात धोक्याची सूचना देणारी संगणकयंत्रणा तासाहून अधिक काळ मुकी झाली होती, आणि वाहिन्या बंद पडत असल्याचे तेथील कर्मचाऱ्यांना कळलेच नाही. पुढे तपासात आढळले की एकाच माहितीवर दोन प्रक्रियांना एकदम लिहिण्याची मुभा मिळाली होती. माहिती बिघडली आणि यंत्रणा न संपणाऱ्या फेऱ्यात अडकली. तीच आज्ञावली निरनिराळ्या ठिकाणी मिळून तीस लाखांहून अधिक तास बिनबोभाट चालली होती. दोष सापडला तो यंत्र मुद्दाम मंद करून, दोन्ही प्रक्रियांमधली फट रुंदावल्यावर.

याहून हृदयद्रावक उदाहरण थेरॅक-२५ या यंत्राचे आहे. कर्करोगावर किरणोपचार करणाऱ्या या यंत्राने १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर प्रचंड मात्रा दिली. त्यांतील काहींचा मृत्यू ओढवला. यंत्राचा छोटा गाभा त्याच्यासाठीच लिहिलेला होता, आणि त्यातील कामे सामाईक आकड्यांवरून एकमेकांशी बोलत, परंतु त्या आकड्यांचे रक्षण करणारी शिस्त त्यात नव्हती. हाताळणारी व्यक्ती नवखी असेपर्यंत काही बिघडले नाही. सरावाने तिचा हात जलद झाला, चुकीची नोंद आठ सेकंदांच्या आत दुरुस्त होऊ लागली, आणि त्या आठ सेकंदांत झालेला बदल यंत्राच्या एका भागाला कळला, दुसऱ्याला कळला नाही. पडद्यावरची नोंद बरोबर दिसत होती. किरणांची मात्रा मात्र चुकीची होती. आधीच्या थेरॅक-२० या यंत्रातही तसलाच दोष होता असे नंतर आढळले, पण तेथे विजेचे वेगळे अटकाव बसवलेले असल्यामुळे कोणाला इजा झाली नाही. नव्या यंत्रात आज्ञावलीवर भरवसा ठेवून ते अटकाव काढले गेले होते. आजवर काही झाले नाही, या पुराव्यावर विसंबण्याची ही किंमत होय.

जाणत्यांच्या हातूनही हा दोष सुटतो. लिनक्सच्या स्मृतिव्यवस्थेतील एक शर्यत २००७ पासून सर्वत्र पसरलेल्या आवृत्त्यांत होती. ती २०१६ साली उघड झाली. सामान्य वापरकर्त्याला केवळ वाचण्यासाठी असलेल्या फायलींत तिच्यामुळे लिहिता येत असे. प्रणालीचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी अकरा वर्षांपूर्वी आपण ती दुरुस्त करण्याचा प्रयत्न केला होता व तो फसला होता, हे मोकळेपणाने नमूद केले. चूक कबूल करून ती नोंदवणे, हाही शास्त्रीय शिस्तीचा एक भाग आहे.

शिक्षणात काय हवे

१९६३ पासून चालत आलेल्या जयपूरच्या मालवीय संस्थेसारख्या तंत्रशिक्षणाच्या मोठ्या केंद्रांपासून ते जिल्ह्याच्या गावातील महाविद्यालयांपर्यंत सर्वत्र संगणकाचे विद्यार्थी आज हजारोंनी शिकत आहेत. त्यांतील पुष्कळ जण उद्या बँका, रुग्णालये, रेल्वे आणि वीजकेंद्रे यांच्या आज्ञावली लिहितील. परस्परवर्जनाची व्याख्या पाठ करून उत्तरपत्रिकेत उतरवणे एवढ्याने त्यांची तयारी होणार नाही. दोष डोळ्यांना दिसला पाहिजे.

हे काम शाळेतही करता येते, आणि त्याला संगणक लागत नाही. फळ्यावर एक आकडा लिहावा. दोन विद्यार्थ्यांनी फळ्याशी येऊन तो वाचावा, वर्गाच्या टोकाला जाऊन आपल्या चिठ्ठीवर त्यात एक मिळवावा, आणि परत येऊन जुना आकडा पुसून नवा लिहावा. प्रत्येकाने अशा दहा फेऱ्या केल्यावर आकडा विसाने वाढायला हवा. दोघे आपापल्या चालीने फेऱ्या मारू लागले की तो विसाने वाढत नाही. मग एक खडू ठेवावा, आणि तो हातात असेल त्यानेच आकडा वाचावा, मिळवणी करावी व लिहून झाल्यावरच खडू परत ठेवावा, असा नियम करावा. या वेळी बेरीज अचूक येते. मात्र वेळ जास्त लागतो. शर्यत, कुलूप, आणि कुलपाची किंमत, या तिन्ही गोष्टी अर्ध्या तासात मुलांच्या ध्यानात येतात. शेवटी एका मुलाने गुपचूप खडूशिवायच पेन्सिलीने आपली बेरीज मांडून ती दुसऱ्या खडूने फळ्यावर लिहावी. करार एकाने मोडला तरी काय होते, हे मग शिक्षकाने सांगावे लागत नाही.

महाविद्यालयात पुढची पायरी गाठावी. दोन धाग्यांनी एकाच आकड्यात दहा दहा लाख वेळा एक मिळवण्याची आज्ञावली लिहून पाहावी. कुलूप नसेल तर वीस लाख भरण्याची खात्री नाही, आणि दर वेळी उणीव निराळी येते. सर्वसाधारण प्रयोगात तेच केले की तेच उत्तर येते. येथे येत नाही. अशा दोषाविषयी चालवून पाहिले आणि चालले हे प्रमाणपत्र किती पोकळ असते, ते यावरून कळेल. कुलपांचा क्रम चुकला तर इशारा देणारे साधन लिनक्समध्ये २००६ साली आले, आणि विनाकुलूप होणारे स्पर्श हुडकणारे २०२० साली. विद्यार्थ्यांनी ती वापरावीच. परंतु साधन चुकीकडे बोट दाखवते, संकेत ठरवून देत नाही. तो माणसांनी ठरवावा लागतो, लिहून ठेवावा लागतो आणि पाळावा लागतो.

संगणकाच्या गाभ्यातील शिस्त ही म्हणून केवळ तंत्रज्ञांपुरती बाब नाही. जेथे जेथे एक वही आणि अनेक लेखण्या असतात, तेथे तेथे तिचीच गरज पडते. पाणीवाटपाच्या पाळ्या, शिधापत्रिकांच्या याद्या, रेल्वेच्या जागांची नोंद, यांपैकी बहुतेक व्यवहार आज यंत्राकडे गेले आहेत, आणि त्यांतील सामान्य माणसाचा वाटा आता त्या गाभ्यातील अदृश्य करारावर अवलंबून आहे. जयपूरच्या आकाशाखाली ज्यांनी दोन सेकंदांसाठी दगडाचा डोंगर रचला, त्यांना वेळेची चूक लहान आहे म्हणून ती सोडून द्यावी असे वाटले नाही. त्याहून कोट्यवधी पटींनी लहान क्षणात आज जी चूक लपून बसते, तिच्याविषयी त्यांच्या वारसांनी कमी काटेकोर असण्याचे काही कारण नाही.